'फोर-के रिस्टोर्ड' म्हणजे नेमकं काय केलंय?

गेल्या महिन्याभरात तीन वेगवेगळ्या ग्रुपवर मला एकच लिंक आली. एक जुना कृष्णधवल मराठी चित्रपट, थंबनेलवर सोनेरी अक्षरात 'फोर-के रिस्टोर्ड' आणि खाली कौतुकाचा पाऊस. 'काय क्लिअर दिसतंय!', 'कालच शूटिंग केल्यासारखं वाटतं!' चित्रपटाचं आणि चॅनेलचं नाव इथे देत नाही, कारण प्रश्न एका चॅनेलचा नाहीये. मी तो पहिला अर्धा तास नीट, टीव्हीसमोर बसून पाहिला. नायिकेचा चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा झालाय. गालावर त्वचा नाही, नुसता गुळगुळीत पृष्ठभाग. म्हाताऱ्या आईच्या कपाळावरच्या आठ्या ती हलली की गायब होतात आणि थांबली की परत उमटतात. नऊवारीची वीण पुसली गेलीय. आणि उभं राहून कोणी बोललं की डोक्याचा वरचा भाग कापलेला, खाली पावलं गायब.

हे 'रिस्टोर' केलेलं नाही. इस्त्री केलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं चिडायचं कारण काय? कारण असं की आपल्या बहुतेक जुन्या मराठी चित्रपटांची घरी बघायला मिळणारी एकुलती एक प्रत आता अशीच असणार आहे. इंग्रजी, फ्रेंच, जपानी चित्रपटांच्या चांगल्या ब्लू-रे निघतात, वाईट निघाली तर लोक बोंब मारतात, कंपनीला पुन्हा काढावी लागते. मराठीत ब्लू-रे जवळपास निघाल्याच नाहीत. आपण व्हीसीडीवरून थेट यूट्यूबवर उडी मारली. त्यामुळे तुलना करायला दुसरी प्रतच हातात नाही. पुढच्या पिढीला जे दिसेल तेच मूळ वाटणार. आणि सध्या या कामावर सरकारी, म्हणजे तुमचा-आमचा पैसा खर्च होतोय. म्हणून चांगलं काय आणि वाईट काय हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे. हे फक्त सिनेमावेड्यांचं काम नाही.

थोडं मुळापासून सांगतो. फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीच्या क्षारांच्या बारीक कणांमुळे. पडद्यावर जी बारीक रेती वळवळताना दिसते, ज्याला ग्रेन म्हणतात, ती घाण नव्हे. चित्र तिचंच बनलेलं आहे. घाण म्हणजे धूळ, चरे, डाग, बुरशी, फाटलेली फ्रेम. हे फिल्मवर नंतर आलं, ते काढायचंच. ग्रेन मात्र पहिल्या दिवसापासून आहे. चेहऱ्यावरचे बारीक तपशील त्या कणांतूनच दिसतात, त्यामुळे सॉफ्टवेअरने कण पुसले की तपशीलही पुसला जातो. मग चित्र फार मऊ दिसायला लागतं म्हणून कडा कृत्रिमपणे ठळक केल्या जातात, आणि माणसांभोवती पांढरी रेघ उमटते. चंद्राला खळं पडतं ना, तशी. अशी रेघ दिसली की समजा, आधी पुसलंय आणि मग कोरलंय.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे स्कॅन कशावरून केलं. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह सगळ्यात श्रीमंत. तिच्यावरून मास्टर पॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह, त्यावरून थिएटरात फिरणारी प्रिंट. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की काय होतं ते आपल्याला रेशनकार्डाच्या अनुभवावरून माहीत आहे. मूळ निगेटिव्हचं फोर-के स्कॅन म्हणजे खरोखर पडद्यामागचं झाड मोजता येईल इतका तपशील. गावोगावच्या टॉकीजमध्ये झिजलेल्या प्रिंटचं फोर-के स्कॅन म्हणजे तिचे चरे फोर-केमध्ये. आणि दूरचित्रवाणीसाठी कधीकाळी टेपवर उतरवलेली ५७६ ओळींची प्रत संगणकाने ताणून २१६० ओळींची केली, तर त्याला फोर-के म्हणणं ही सरळ फसवणूक आहे. पाण्यात पाणी वाढवून दूध होत नाही.

ताणलेली टेप ओळखायची एक सोपी खूण आहे. कोणी झटकन हात हलवला किंवा बैलगाडीचं चाक फिरलं की कडेला कंगव्याचे दात दिसतात. ते दिसले की पुढे बघायचीही गरज नाही, फिल्मपर्यंत कोणी गेलेलंच नाही.

आता चौकटीचं. तीसच्या दशकापासून पुढची बरीच वर्षं आपले चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित व्हायचे. उंची एक धरली तर रुंदी १.३७. आजचा टीव्ही १.७८ रुंद. चित्र बरोबर दाखवायचं तर डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या येणारच. पण पट्ट्या दिसल्या की लोक तक्रार करतात म्हणून वरून-खालून कापून चित्र टीव्हीभर पसरवतात. हिशोब करून बघा, चित्राचा जवळजवळ पाव भाग जातो. 'संत तुकाराम'मध्ये शेवटी गरुडाच्या विमानातून वैकुंठगमन आहे. १९३६ साली दामले-फत्तेलालांनी पुण्यात बसून ते ट्रिक फोटोग्राफीने साधलं. त्या दृश्यात वरचं आकाश आणि खालची हात जोडलेली माणसं एका चौकटीत बसवणं हेच तर सगळं कसब. त्याचा पाव भाग कापायचा आणि वर लिहायचं 'रिस्टोर्ड'?

माझा मामेभाऊ म्हणतो, "अरे, दादा कोंडक्यांचा सिनेमा बघायला मायक्रोस्कोप कशाला लागतो?" लागतो की! विनोदी चित्रपटात तर जास्तच. बोलणारा मध्ये असतो आणि खरा विनोद कडेला उभ्या असलेल्याच्या चेहऱ्यावर किंवा घसरणाऱ्या नाडीत असतो. चौकट कापली की हशाही कापला.

आवाजाबद्दल कोणी फारसं बोलत नाही, पण मराठी माणसाने तरी बोलावं, कारण आपल्याला गाणी चित्रपटापेक्षा जास्त आठवतात. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत २५ ची. जुन्या टेलिसिनेत फिल्म सरळ २५ ने पळवायचे. फरक चार टक्क्यांचा, पण अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटं आधी संपतो आणि सूर वर चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनच्या दिशेने सरकतं. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी ओळखीच्या गाण्याची मूळ ध्वनिमुद्रिका आणि यूट्यूबवरची चित्रपटाची प्रत एकामागोमाग लावून बघावी. सूर जुळला नाही तर बऱ्याचदा कारण हेच असतं. मूकपटांचं उलट झालंय. ते अनेकदा १६ ते २० च्या वेगाने चित्रित झाले आणि पुढे २४ ने दाखवले गेले. म्हणून त्या काळची माणसं तुरुतुरु चालतात असं आपल्याला वाटतं. नव्हती चालत हो, आपल्यासारखीच चालायची.

शिवाय खरखर. जुन्या ध्वनिपट्टीवर एक सूं असा आवाज असतो. तो सगळा काढायच्या नादात सॉफ्टवेअर बासरीचा श्वास, टाळांची किणकिण आणि 'स', 'श' ही अक्षरंही खाऊन टाकतं. संवाद विहिरीतून आल्यासारखे वाटतात. थोडी खरखर राहू द्यावी, कान पाच मिनिटांत सरावतो. आणि मूळ एकाच स्पीकरचा आवाज काढून टाकून नव्याने पाच स्पीकरचा केला असेल तर निदान मूळही सोबत द्यावा. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'चं १९९६ साली रिस्टोरेशन झालं तेव्हा पावलांचे, दारांचे वगैरे आवाज नव्याने भरले होते. चित्राची वाहवा झाली, आवाजावर टीका झाली. आपल्याकडे 'मुघल-ए-आझम' २००४ मध्ये रंगवला, आवाजही नवा केला. रंगवलेला आवडणाऱ्यांना माझा विरोध नाही. पण त्याला रिस्टोरेशन म्हणू नका, ती वेगळी वस्तू आहे.

हे सगळं फक्त आपल्याकडे होतं असा गैरसमज नको. 'प्रिडेटर' हा १९८७ चा चित्रपट, जंगलातला, घामाचा, चिखलाचा. मुळातच खूप ग्रेन असलेला. २०१० मध्ये त्याची नवी ब्लू-रे निघाली आणि त्यात आर्नोल्ड श्वार्झनेगर मादाम तुसाँमधला पुतळा झाला होता. घाम नाही, चिखलाचे कण नाहीत. ती डिस्क आजही जगभरात वाईट ट्रान्सफरचं उदाहरण म्हणून दाखवतात. 'पॅटन'चंही २००८ मध्ये असंच झालं होतं. त्या कंपन्यांना काय माणसं मिळत नव्हती? पैसे नव्हते? सगळं होतं. फक्त कोणीतरी ठरवलं की नवे टीव्ही घेणाऱ्या गिऱ्हाइकाला 'स्वच्छ' चित्र पाहिजे.

त्यानंतर लोक शहाणे झाले असं वाटत असतानाच २०२४ मध्ये जेम्स कॅमेरूनच्या 'एलियन्स', 'द अबिस' आणि 'ट्रू लाइज'च्या फोर-के डिस्क आल्या. यंत्राला शिकवून तपशील 'तयार' करणाऱ्या तंत्राने ही चित्रं साफ केली होती. 'ट्रू लाइज'वर सगळ्यात जास्त टीका झाली. केस तारेसारखे, चेहरे कधी मेणाचे तर कधी गरजेपेक्षा टोकदार. आधीची चूक पुसण्याची होती, ही त्याहून पुढची. इथे यंत्र अंदाजाने त्वचा रंगवतं. आणि हे खुद्द दिग्दर्शकाच्या संमतीने झालं, टीका करणाऱ्यांची त्याने खिल्लीही उडवली. दिग्दर्शकाने मान्यता दिली म्हणजे विषय संपला, असं म्हणणाऱ्यांनी 'द फ्रेंच कनेक्शन'चंही आठवावं. विल्यम फ्रीडकिननी २००९ च्या ब्लू-रेसाठी त्याचे रंग एकदम फिकट, धुरकट करून टाकले. त्यांचेच छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांनी जाहीरपणे निषेध केला, आणि २०१२ मध्ये नवी ट्रान्सफर आली.

तिथे छायाचित्रकार हयात होते, बोलले. आपल्याकडे बोलायला कोण उरलंय? शांतारामबापूंचा 'पिंजरा' १९७२ चा, रंगीत. त्या काळच्या रंगीत फिल्मचे रंग वर्षानुवर्षं उडत जातात, निळसर छटा आधी जाते आणि प्रिंट गुलाबी होत जाते. अशा प्रिंटवरून स्कॅन केलं तर मूळ शालूचा, फेट्याचा रंग काय होता हे ठरवणार कोण? हल्लीच्या ग्रेडिंगच्या फॅशनप्रमाणे सावल्या निळ्या-हिरव्या आणि माणसं नारिंगी करणारा पंचविशीतला मुलगा? त्याचा दोष नाही. त्याला दाखवायला संदर्भाची प्रत, जुने फोटो, त्या काळी सेटवर असलेलं कुणी जाणतं माणूस समोर बसवावं लागतं. बसवलं होतं का, हा प्रश्न आहे.

आता चांगलं काम कसं असतं ते सांगतो, कारण नुसती नावं ठेवणं सोपं आहे.

सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह लंडनच्या एका लॅबमध्ये होत्या. १९९३ मध्ये तिथे आग लागली. रिळं जळली, वितळली, एकमेकांना चिकटली. कुणीही फेकून दिली असती. अमेरिकेतल्या ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहाने ते जळके तुकडे जपून ठेवले. वीस वर्षांनी क्रायटेरियन या कंपनीने ते बाहेर काढले आणि इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये पाठवले. तिथल्या माणसांनी ठिसूळ झालेली फिल्म आधी ओलावा देऊन नरम केली, चिकटपट्टीचे अवशेष हाताने काढले, कडेची तुटलेली भोकं एकेक करून दुरुस्त केली. मग स्कॅन. एवढं करूनही 'पथेर पांचाली'चा साधारण चाळीस टक्के आणि 'अपराजितो'चा साठ टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हवरून घेता आला. 'अपूर संसार'ची निगेटिव्ह वापरण्याजोगी राहिलीच नव्हती, तो सगळा पुढच्या पिढीच्या प्रतींवरून केला.

मला इथे तंत्रापेक्षा एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. हे आकडे मला कसे माहीत? कारण त्यांनी सांगितले. २०१५ च्या डिस्कसोबत, लेखी, आणि रिस्टोरेशनवरची फिल्मही सोबत देऊन. म्हणून 'पथेर पांचाली' बघताना एखाद्या शॉटमध्ये अचानक कॉन्ट्रास्ट वाढला, ग्रेन जाडा झाला, की मला कळतं की इथे निगेटिव्ह नव्हती, ड्यूपवरून घेतलंय. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी तो फरक पुसून सगळं सारखं गुळगुळीत केलं नाही, याबद्दल उलट आदरच वाटतो.

आपल्याकडेही हे जमतं. श्याम बेनेगलांचा 'मंथन' घ्या. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून बनवलेला, तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला, आपली स्मिता त्यात. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो रिस्टोर केला आणि २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला. त्यांनीही स्पष्ट सांगितलं: चित्र मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून, आवाज थिएटरच्या प्रिंटवरून. बेनेगल आणि गोविंद निहलानी दोघांनी देखरेख केली. दोन-तीन ओळींची माहिती, पण तेवढ्यावरून कामाची जात कळते. 'शोले'चंही तसंच. २०२५ मध्ये रिस्टोर झालेली प्रत बोलोन्याला दाखवली, तेव्हा सांगितलं की मूळ निगेटिव्हची अवस्था वाईट होती आणि इंग्लंडमधल्या गोदामात सापडलेल्या प्रती कामी आल्या. गब्बर थोडा मऊ दिसला तरी कारण ठाऊक असतं.

आणि आता आपलं पुणं.

लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. पी. के. नायर नावाच्या माणसाने अक्षरशः गोदामं धुंडाळून, भंगारवाल्यांच्या हातापाया पडून ते उभं केलं. आज आपण फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची उरलेली रिळं बघू शकतो ती त्यांच्यामुळे. त्याच रस्त्यावर, जिथे प्रभातचा स्टुडिओ होता त्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, जानेवारी २००३ मध्ये आग लागून नायट्रेट फिल्मची हजारो रिळं जळाली. त्यात प्रभातचा ठेवाही होता. नंतरच्या सेफ्टी फिल्मवर उतरवून ठेवलेल्या प्रती होत्या म्हणून चित्रपट उरले. पण याचा अर्थ लक्षात घ्या. प्रभातच्या अशा चित्रपटांचं कितीही मोठं रिस्टोरेशन केलं तरी ते पुढच्या पिढीच्या प्रतीवरूनच होणार. ती मर्यादा लपवण्यासारखी नाही. पण ती न सांगता कुणी वर यंत्राने बनवलेला तपशील चढवला, तर ते विष्णुपंत पागनिसांचं तोंड राहणार नाही, पागनिसांसारखं कुणाचं तरी होईल.

२०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली ३६३ कोटी रुपयांचं काम जाहीर केलं. सुमारे २,२०० चित्रपट आणि लघुपट रिस्टोर करायचे. त्याच वर्षी संग्रहालय एनएफडीसीमध्ये विलीन झालं. काम चालू आहे, आणि ते चालू आहे याचा मला मनापासून आनंद आहे. राय यांचा 'प्रतिद्वंद्वी' २०२२ मध्ये कानला गेला तो याच संस्थेने केलेला. २०२३ च्या इफ्फीत, गोव्याला, जे सात रिस्टोर केलेले चित्रपट दाखवले त्यात आपला 'श्यामची आई' होता. पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारात राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलेला चित्रपट सत्तर वर्षांनी पुन्हा मोठ्या पडद्यावर. यापेक्षा चांगली बातमी कुठली?

पण साधं गणित करू. अडीच तासांच्या चित्रपटात २ लाख १६ हजार फ्रेम असतात. माणसाने एकेक फ्रेम बघून चरा काढायचा आणि पावसाची सर ठेवायची, याला महिने जातात. यंत्राला पाऊस आणि चरा यांतला फरक नेहमी कळत नाही. ते पावसाचे थेंब खातं, क्रिकेटचा चेंडू खातं, देवापुढच्या उदबत्तीचा धूर खातं. दोन हजारांवर चित्रपट, ठरलेली मुदत, टेंडर घेतलेले ठेकेदार. या तिन्हींचा दाब कुठल्या दिशेने असतो हे रस्ते आणि ड्रेनेजची कामं बघितलेल्या पुणेकराला मी सांगायला नको. रस्ता खचला की निदान खड्डा दिसतो. पुसलेला चेहरा दिसत नाही, कारण मूळ कसा होता ते आपल्या डोळ्यांसमोर नसतं.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. सरकारी पैशातून रिस्टोर झालेल्या प्रत्येक चित्रपटासोबत एक पानाची नोंद जाहीर करा. कशावरून स्कॅन केलं? किती रिझोल्यूशनवर? मूळ चौकट कोणती आणि तीच ठेवली का? ग्रेन कमी केला का, यंत्राने तपशील भरला का? आवाज कुठून घेतला? रंग कुणाच्या देखरेखीखाली ठरवले? एवढंच. ही माहिती काम करणाऱ्याकडे असतेच, नसेल तर ते आणखी गंभीर आहे. आणि साफ करण्याआधीचं कच्चं स्कॅन कायमचं जपून ठेवा. आजचं सॉफ्टवेअर दहा वर्षांनी हास्यास्पद वाटेल. तेव्हा पुन्हा काम करायला मूळ डेटा लागेल, आणि फिल्म तोवर टिकेलच असं नाही. ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागला की तिचे दिवस मोजायचे असतात.

यावर दोन उत्तरं मला नेहमी ऐकू येतात. पहिलं, 'सामान्य प्रेक्षकाला स्वच्छच आवडतं.' सामान्य प्रेक्षकाला कधी दोन्ही शेजारी शेजारी दाखवलंय का? मी घरी दाखवून बघितलंय. माझ्या सत्तरीच्या मावशीला ग्रेन हा शब्द माहीत नाही. एका जुन्या हिंदी चित्रपटाच्या दोन प्रती लावल्या तर ती गुळगुळीत प्रतीकडे बोट दाखवून म्हणाली, "हिचा चेहरा असा काय सुजल्यासारखा दिसतोय रे?" दुसरं उत्तर, 'काहीच नसण्यापेक्षा हे बरं.' हे मला अजिबात पटत नाही. गाभाऱ्यातल्या झिजलेल्या मूर्तीला ऑइल पेंट फासून तिला नवे डोळे काढणाऱ्यांचंही हेच म्हणणं असतं.

रिस्टोर झालेलं घरापर्यंत कसं पोचतं हाही मुद्दा आहेच. महोत्सवात एकदा दाखवून डबा बंद, असं नको. यूट्यूबवर टाकलं तरी चालेल, पण तिथे चित्र फार दाबून पाठवतात. ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते, फोर-के डिस्कवर त्याहून पुष्कळ जास्त. चांगल्या स्ट्रीमिंगवर फोर-के म्हणजे साधारण १५ ते २५. वळवळणारा ग्रेन दाबायला सगळ्यात अवघड, त्यामुळे कमी जागेत त्याचे चौकोनी ठोकळे होतात आणि लोक म्हणतात, बघा, ग्रेन वाईट. म्हणून निदान निवडक पन्नास मराठी चित्रपटांच्या डिस्क काढाव्यात, ग्रंथालयांना आणि फिल्म सोसायट्यांना द्याव्यात. एका उड्डाणपुलाच्या रंगरंगोटीच्या खर्चाशी याची तुलना करायची माझी इच्छा होती, पण ती पोस्ट वेगळी होईल.

एक उपयोगाचं सांगून ठेवतो. कुठल्याही प्रतीला नावं ठेवण्याआधी आपला टीव्ही तपासा. दुकानातून येतो तेव्हा त्यात सगळे मसाले चालू असतात. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळं नाव देतात, पण ते चालू असलं की 'सामना'सुद्धा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसतो. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. नॉइज रिडक्शन बंद. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड असेल तर तो लावा, पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळा बसतो. चित्राचा आकार 'ओरिजिनल' ठेवा, काळ्या पट्ट्या येऊ द्या.

वर जे सहा प्रश्न लिहिलेत ते मी या आठवड्यात माहिती अधिकाराच्या अर्जात घालून पाठवतोय. सुरुवात 'श्यामची आई'पासून करतोय. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जे उत्तर येईल ते जसंच्या तसं इथे टाकेन. चांगलं आलं तर आधी टाकेन. तुमच्यापैकी कुणी फिल्म लॅबमध्ये, प्रोजेक्शनमध्ये किंवा जुन्या टॉकीजमध्ये काम केलं असेल, घरी वडिलांच्या काळातली प्रिंट, सेटवरचे रंगीत फोटो, पोस्टर काही पडलं असेल, तर टाकून देऊ नका. कळवा. रंग ठरवताना असला एखादा फोटोच उपयोगी पडतो.